बैठक, तालासन आणि सुरतेचा मुलूख

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती १६६४ च्या जानेवारीतील लूट : मुत्सद्दी इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, वीरजी व्होऱ्याच्या पेढीची धूळधाण उडालेली आणि इंग्रजांच्या वखारीत जॉर्ज ऑक्झिंडन आपली मूठभर माणसे घेऊन तटून राहिलेला. त्यानंतर १६७० ची दुसरी स्वारी, त्यानंतर चौथाईचे तगादे, आणि त्यानंतर एकदम १९०७ ची काँग्रेस, जिच्या मंडपात एक चोचदार मराठी जोडा भिरभिरत गेला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही प्रसाद देऊन खाली पडला. ज्याला इतिहासाचे वावडे आहे त्यालाही ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही गुजराती म्हण ऐकून ठाऊक असतेच. घारी, उंधियू आणि पोंक यांवर पोसलेल्या या नगरीचा पोटाच्या स्नायूंच्या बळकटीशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

संबंध मात्र आहे, आणि तो चांगला निकटचा आहे. आज एखादा नवशिका मनुष्य, वैद्याच्या सांगण्यावरून म्हणा की आरशात दिसलेल्या ढेरीच्या भयाने म्हणा, सकाळी उठून कसलेही साधन हाती न घेता केवळ स्वतःच्या देहाच्या भारावर उभ्यानेच कंबर, पोट आणि पाठ यांना बळ देणारा व्यायाम करू लागतो आणि त्याला निःशंकपणे ‘योग’ म्हणतो, तेव्हा त्या व्यायामाची वंशावळ शोधीत मागे गेले तर ती बऱ्याच अंशी तापी, नर्मदा आणि मही या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे एके काळच्या सुरत जिल्ह्यात आणि गायकवाडांच्या बडोदे संस्थानात येऊन थांबते. या वंशावळीत मराठी माणसांचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभी एक अडचणीची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हठयोगाचे जे प्रमाणग्रंथ म्हणून आपण डोक्यावर घेतो, त्यांत उभ्याने करावयाच्या आसनांना जवळजवळ स्थानच नाही. स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसने वर्णिली आहेत, स्वस्तिक, गोमुख, वीर, कूर्म, कुक्कुट, धनुर्, मत्स्येंद्र, पश्चिमतान, मयूर, शव, सिद्ध, पद्म, सिंह, भद्र इत्यादी ती मालिका चाळून पाहावी, त्यांत पायांवर उभे राहून करावयाचे असे एकही आसन सापडत नाही. ‘घेरंडसंहिते’ने आसनांची संख्या बत्तिसांवर नेली, परंतु त्यांतही उभे आसन म्हणून निर्विवादपणे दाखविता येते ते वृक्षासन, आज एका पायावर तोल सावरीत ज्याचा अभ्यास केला जातो ते गरुडासनसुद्धा त्या ग्रंथात मांड्या आणि गुडघे जमिनीला टेकवून बसण्याचे आहे. ध्यानासाठी शरीर दीर्घ काळ निश्चल राखण्याची ज्यांना चिंता, त्या साधकांनी बैठे आणि निजून करावयाचे प्रकार विकसित करावेत हे स्वाभाविकच होते. मग ताडासन, त्रिकोणासन, कोणासन ही सारी उभी मंडळी आली कोठून?

उत्तरासाठी मठ सोडून तालमीत शिरावे लागते. मल्लविद्येची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या आहाराचा, वयाचा आणि मेहनतीचा विचार येतो, आणि स्तंभश्रमाच्या रूपाने मल्लखांबाचा पूर्वज तेथे भेटतो; तर गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांनी, ज्यांना लोक जेठी म्हणत, आपल्या विद्येचे ‘मल्लपुराण’ नावाचे स्वतंत्र पुराणच सांभाळून ठेविले होते, जे पुढे १९६४ साली बडोद्याहून सांडेसरा आणि मेहता यांनी संपादून छापविले. कुस्ती हा उभ्याने खेळावयाचा व्यवहार. ज्याचे मध्यशरीर कच्चे, त्याची पकड कितीही मजबूत असली तरी समोरचा गडी त्याला कंबरेतून उचलून चीत करणारच, म्हणून मल्लाच्या मेहनतीत पाय आणि कंबर यांची सांधेजोड पक्की करणाऱ्या प्रकाराला अग्रमान मिळाला. तो प्रकार म्हणजे बैठक.

नावाने बसण्याची असली तरी बैठक ही उभ्याची मेहनत आहे, हे ती ज्याने कधी काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. पायांत वीतभर अंतर, चवडे किंचित बाहेर वळलेले, दृष्टी समोर. खाली जाताना टाचा उचलतात, हात मागे झुलून बोटे जमिनीला निसटती शिवतात, आणि उठताना तेच हात पुढे येऊन छातीशी थांबतात. पाहणाऱ्याला वाटते की सारे काम मांड्यांचे आहे. वस्तुतः टाचा उचलल्या क्षणी देहाचा भार चवड्यांच्या लहानशा क्षेत्रावर येतो, तोल पुढेमागे जाऊ लागतो, आणि तो सावरण्यासाठी पोटाची भिंत व पाठीचा कणा धरून ठेवणारे स्नायू, कोणी आज्ञा न देता, आपोआप आवळले जातात. बसून केलेल्या व्यायामात तोल राखण्याचे निम्मे काम जमीनच उरकते. उभ्याने ते सारे कटिप्रदेशावर येते. नवख्या पोराला वस्ताद लगेच हौद्यात उतरवीत नसे. आधी जोर आणि बैठका, मग माती, असा शिरस्ता असे. ज्याचे गुडघे अजून पुरे वळत नाहीत त्याला अर्धीच बैठक पुरे : दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत समोर धरून, खुर्चीवर टेकावयास निघालेल्या माणसाने मध्येच थबकावे तितके खाली जावयाचे आणि श्वास न कोंडता परत उठावयाचे. या अर्ध्या बैठकीकडे वाचकांनी विशेष लक्ष ठेवावे. पुढे तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

या तालमींना राजाश्रय मिळाला तो गायकवाडीत. पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या पादात सोनगडचा किल्ला हस्तगत केला, आणि सुरतेपासून पूर्वेस काही मजलांवर असलेल्या त्या डोंगरी ठाण्यातून गायकवाडांचा अंमल गुजरातभर पसरला. १७५९ साली सुरतेचा किल्ला आणि १८०० साली शहराचा सारा कारभार इंग्रजांनी घेतला खरा, तथापि सुरत जिल्हा आणि गायकवाडांचा नवसारी प्रांत यांच्या सरहद्दी एकमेकींत अशा गुंतलेल्या राहिल्या की, व्यापारी, वैद्य, कीर्तनकार आणि पहिलवान यांना त्या सरहद्दीचे भान असण्याचे कारणच नव्हते. बडोद्याला खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी आला होता, आणि हाताला नखे बांधून खेळल्या जाणाऱ्या रक्तलांछित कुस्त्या पाहून त्याच्या अंगावर काटा आला होता. सयाजीराव महाराजांच्या दीर्घ राजवटीत त्या क्रौर्याची जागा शिस्तीने घेतली. जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादाच्या तालमीत तयार झालेला गजानन यशवंत तांबे हा मराठी तरुण, ज्याला सारा देश राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखतो, त्याने आपल्या गुरूच्या नावे चालविलेल्या बडोद्याच्या व्यायाममंदिरात लाठी, लेझीम, मल्लखांब, जोर, बैठका या साऱ्या देशी मेहनतीला शाळेत शिकविण्याजोगे रूप दिले. तुटलेली हाडे सांधण्यात त्यांचा हात इतका सिद्ध होता की पुष्कळ लोक त्यांना हाडवैद्य म्हणूनच जाणीत. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोठे कार्य दुसरेच आहे. शेकडो मुलांना रांगेत उभे करून एकाच वेळी, हिंदी आज्ञांवर, देशी व्यायाम करवून घेण्याची पद्धत त्यांनी बसविली. तालमीतील बैठक ही प्रत्येकाची आपापली तपश्चर्या होती. माणिकरावांच्या मैदानावर ती पलटणीची झाली. बडोद्यालाच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी ‘व्यायाम-ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात मराठीत सिद्ध केले. एका प्रांतातील मराठी भाषकांनी परप्रांतात बसून स्वभाषेत एवढा कोश रचावा, ही गोष्ट जितकी अभिमानाची तितकीच, त्या खंडांवर आज ग्रंथालयांतून साचलेली धूळ पाहता, लाजेचीही आहे.

शारीरिक बलाच्या या उपासनेला राजकारणाचा वारा लागला तो सुरतेच्या काँग्रेसनंतर. नागपूरला भरावयाचे अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले, रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी बसले, टिळक व्यासपीठावर उभे राहिले आणि सभा उधळली, हा वृत्तान्त सर्वविदित आहे. त्या अधिवेशनाहून अरविंद घोष बडोद्यास गेले. तेथे १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सान्निध्यात त्यांनी साधना केली, हे जीवनचरित्रांत येते. परंतु त्याच भेटीत छोटुभाई पुराणी नावाच्या तरुणाला त्यांच्याकडून क्रांतिकार्याची दीक्षा मिळाली आणि छोटुभाईंनी, व त्यांच्या पाठोपाठ सुरतेस १८९४ साली जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने, अंबुभाईंनी, गुजरातेत गावोगाव व्यायामशाळांचे जाळे विणले, ही गोष्ट मराठी पुस्तकांत क्वचितच सापडते. अंबुभाई पुढे पाँडिचेरीस जाऊन अरविंदांचे शिष्य झाले. बाँबच्या मार्गाने जाण्यास निघालेली ती तरुण पिढी अखेर जोर-बैठकांवर थांबली. इंग्रज सरकारच्या गुप्त पोलिसांना आखाडे सदैव खुपत, त्याचे कारण हेच होते, आणि ते अगदीच निराधार होते असे म्हणवत नाही.

दरम्यान सरकारी शाळांतून निराळाच प्रवाह वाहत होता. १८८२ च्या हंटर कमिशनने देशी खेळ, कसरत आणि ड्रिल यांची शिफारस केली. परंतु व्यवहारात ड्रिल तेवढे उरले, आणि पलटणीतून पेन्शनीत निघालेला एखादा हवालदार इंग्रजी आज्ञा फेकीत पोरांकडून हात वर, हात खाली, कमरेतून डावीकडे, कमरेतून उजवीकडे असे करवून घेऊ लागला. या कवायतीचे मूळ स्वीडनमध्ये, पेर हेन्रिक लिंग याच्या पद्धतीत होते. सुरत हा मुंबई इलाख्याचा जिल्हा असल्यामुळे, आणि पुढे १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्याचाच भाग राहिल्यामुळे, पुण्यातील मुलाच्या वाट्याला जे ड्रिल आले तेच सुरतेतील मुलाच्याही आले, आणि १९३८ साली कांदिवलीस व्यायामशिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली तेव्हा तिचा लाभही दोघांना सारखाच मिळाला.

आता या कथेतील मुख्य पात्रांकडे वळू. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी वास करीत होते. त्यांच्या दोन शिष्यांनी विसाव्या शतकातील योगाचे स्वरूपच पालटून टाकले, आणि दोघेही याच मुलुखाचे. पहिले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांचा जन्म १८८३ चा, गायकवाडीतील डभोईचा, मराठी घरातला. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे त्यांनी माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. नंतर ते खानदेशात अमळनेरास शिक्षक म्हणून राहिले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या त्या अमळनेराहून आणि त्याच्या आसपासच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून निघालेली हजारो कुटुंबे आज सुरतेच्या उधना आणि लिंबायत या भागांत यंत्रमागांवर पोट भरीत आहेत, हा योगायोग येथे सहज आठवतो. कुवलयानंदांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने ज्या क्रियांची परीक्षा केली, त्या उड्डियान आणि नौली. दोन्ही उभ्याने, गुडघे किंचित वाकवून, तळहात मांड्यांवर रोवून, श्वास सोडून पोट आत खेचण्याच्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या निर्वातसदृश स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, आणि १९३६ मध्ये शाळांसाठी ‘यौगिक संघव्यायाम’ सिद्ध केला. त्यातील रांगा, गणती आणि आज्ञा पाहताना माणिकरावांचे मैदान ओळखू येते.

दुसरे शिष्य मणिभाई हरिभाई देसाई. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी सुरतेजवळच्या देगाम या खेड्यात झाला. अमलसाडच्या शाळेत शिकत असता त्यांना कुस्तीचा आणि कसरतीचा नाद होता, आणि योगाविषयी त्यांचे मत काही अनुकूल नव्हते. १९१६ साली मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात असता माधवबागेत माधवदासांचे दर्शन घडले आणि हा पहिलवान मुलगा मालसरला गेला. २५ डिसेंबर १९१८ रोजी, दादाभाई नौरोजींच्या वर्सोव्याच्या निवासस्थानी, त्याने योग इन्स्टिट्यूट स्थापिली; योगेंद्र हे नाव घेतले; पाठोपाठ अमेरिकेत जाऊन तेथेही तिची शाखा चालविली. तेथून परतल्यावर त्यांनी आपले सारे लक्ष एका विचारावर केंद्रित केले : योग संन्याशाच्या गुहेतून काढून संसारी माणसाच्या ओसरीवर आणावयाचा. १९२८ च्या त्यांच्या ग्रंथाचे नावच सुलभीकृत योगासनांचे आहे, आणि पत्नी सीतादेवींनी १९३४ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

योगेंद्रांच्या या सुलभ आसनांत नवशिक्याला प्रथम दिले जाई ते तालासन. ते जवळून पाहण्यासारखे आहे. दोन्ही पावले समांतर, थोड्या अंतरावर ठेवावयाची. दृष्टी समोरच्या एका बिंदूवर स्थिर करावयाची, कारण ती हलली की तोल गेलाच. नंतर श्वास घेत हात समोरून सावकाश वर न्यावयाचे आणि त्याच लयीत टाचा उचलावयाच्या, अशा रीतीने की हात पूर्ण वर पोहोचण्याचा आणि देह चवड्यांवर येण्याचा क्षण एकच असावा. क्षणभर तसेच थांबून, श्वास सोडीत, तितक्याच सावकाशीने उतरावयाचे. बस्स. यात घाम नाही, दम नाही, मांड्यांना आग नाही. परंतु वर ताणलेला देह चवड्यांवर तोलताना बेंबीच्या आसपासचा सारा प्रदेश जो ताठ होतो, तो बैठकीत होतो त्याच कारणाने. पहिलवानकी सोडलेल्या माणसाने आखाड्यातील तत्त्व घेतले आणि त्यातील मेहनत वगळली, असे मी या आसनाचे वर्णन करीन. स्वतः योगेंद्रांना हे वर्णन मुळीच रुचले नसते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्यांचा प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांना योगात गणण्यास त्यांचा स्पष्ट विरोध होता. ती कसरत आहे, योग नव्हे, असे ते निक्षून सांगत. तत्त्वतः त्यांचे म्हणणे खरे असेलही. पण ज्या हठग्रंथांच्या आधारे नमस्कार बाहेर घालवावयाचे, त्यांच्याच आधारे तालासनालाही आत घेणे कठीण होईल, हे या थोर पुरुषाच्या ध्यानी आले नाही असे विनयपूर्वक म्हणावे लागते. कुवलयानंद या बाबतीत अधिक मोकळे होते, कारण माणिकरावांची तालीम त्यांनी कधी नाकारली नाही.

या साऱ्याचा हिशेब सुरतेच्या रस्त्यावर एकदा उघडपणे मांडला गेला. २१ जून २०२३ रोजी, आंतरराष्ट्रीय योगदिनी, डुमसकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे दीड लाख लोकांनी एकत्र योगाभ्यास केला आणि त्याची गिनेस बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. घंटीवर दिवसभर वाकून हिरे पैलू पाडणारे, बारा बारा तास मागापुढे उभे राहणारे, शाळकरी पोरे आणि सरकारी अधिकारी, सारेच त्यात आले. त्यांनी जो क्रम केला तो केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने आखलेला सामान्य योगक्रम होय. त्यात मान, खांदे आणि कंबर यांच्या चालनानंतर गुडघ्यांचे चालन येते : हात खांद्यांच्या उंचीवर समोर, श्वास सोडीत गुडघे वाकवून मांड्या जमिनीला समांतर होईतो खाली, श्वास घेत वर. ही मागे सांगितलेली तालमीतील अर्धी बैठकच आहे. तिच्यानंतर उभ्याने करावयाची ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन अशी पाच आसने येतात, आणि त्यांतील एकट्या वृक्षासनाला ‘घेरंडसंहिते’चा आधार आहे.

ज्यांनी ही परंपरा घडविली त्या व्यायामशाळांचा पद्धतशीर इतिहास मात्र अद्याप लिहावयाचा आहे. बडोदे, भरूच, सुरत आणि नवसारी येथील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तालमींच्या हजेरीवह्या, वर्गणीची पावतीपुस्तके, वार्षिक समारंभांच्या पत्रिका किंवा लंगोट लावून काढलेली धुरकट छायाचित्रे असतील, त्यांनी ती दिवाळीच्या रद्दीत घालण्यापूर्वी बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराकडे किंवा सुरतेच्या नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयाकडे न्यावीत, अशी माझी त्या मराठी आणि गुजराती कुटुंबांना विनंती आहे.